रिकाम्या इमारतींतलें घर

2009 सालीं अमेरिकेच्या फ्लॉरिडा संस्थानांत, फोर्ट मायर्स या गांवीं, नदीकांठच्या एका 32 मजली नव्या इमारतींत एकच कुटुंब राहत होतें. घरांच्या किंमती कोसळल्यामुळें ज्यांनीं विसार दिले होते त्यांनीं पाऊल मागें घेतलें. या कुटुंबानें मात्र व्यवहार पुरा केला होता. वर्तमानपत्रांतून ही हकीकत मौजेची म्हणून पुष्कळांनीं वाचली. आम्हांस ती मौजेची वाटली नाहीं. कारण आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचीं मुलें त्या देशांत घरें घेत असतात, आणि निम्म्या किंमतीचा ब्लॉक पाहून कोणासही मोह पडावा हें साहजिकच आहे.

कॉन्डोमिनियम म्हणजे ज्यांत ब्लॉक आपल्या मालकीचा, पण छप्पर, जिने, लिफ्ट, नळ व विमा यांचा भार सर्वांचा मिळून. समजा, अशा इमारतींत 200 ब्लॉक आहेत व महिन्याचा खर्च 1,00,000 डॉलर आहे. सर्वांनीं वर्गणी भरली तर प्रत्येकाच्या वांट्यास 500 डॉलर येतात. भरणारे 40च उरले तर 2,500! वरचे मजले रिकामे आहेत म्हणून छप्पर कमी गळत नाहीं.

न विकलेल्या ब्लॉकांचा भार बांधणाऱ्यानें उचलावा, असा कायद्याचा सामान्य दंडक आहे. परंतु त्याचेंच दिवाळें वाजलें तर वसुली कोणाकडून करावयाची? पहिलें गहाण असलेल्या बँकेनें ब्लॉक ताब्यांत घेतला, तर तिला मागील थकबाकीपैकीं फार तर 12 महिन्यांची वर्गणी किंवा मूळ कर्जाचा 1 टक्का, यांपैकीं कमी असेल तेवढीच रक्कम द्यावी लागते. 2010 पूर्वीं तर 6 महिन्यांचीच मर्यादा होती. सामान्य खरेदीदार मात्र पूर्वमालकाच्या साऱ्या थकबाकीस त्याच्याबरोबर जबाबदार! पुढें घर विकूं म्हटलें तर गिऱ्हाइकास कर्ज मिळणें कठीण. कारण गृहकर्जांचा विमा उतरणारें तेथील सरकारी खातें, 15 टक्क्यांहून अधिक ब्लॉकांची वर्गणी 60 दिवसांवर थकलेली असेल, तर ती इमारत सहसा पसंत करीत नाहीं.

येथपर्यंतचा तोटा निदान पैशाचा. खरें भय याहून निराळें आहे. 2007 सालीं फ्लॉरिडांत असा कायदा झाला कीं, 80 टक्के मतें अनुकूल असलीं व 10 टक्के विरोधांत नसलीं, तर कॉन्डोमिनियमच मोडीत काढतां यावें. वादळानें पडलेल्या इमारतींची सोय लागावी हा त्याचा एक हेतु होता. पुढें मंदी आली. कोणी धनिक यावा, पडून राहिलेले शेंकडों ब्लॉक पडत्या भावानें घ्यावे, आणि स्वतःच्याच मतांनीं उरलेल्या मालकांस बाहेर काढावें, असे प्रकार घडूं लागले. खरेदीखत निर्दोष, हप्ते वेळेवर भरलेले, तरी घर गेलें! मोबदला त्या दिवसाच्या बाजारभावानें. त्यांतून कित्येकांचें कर्जसुद्धां फिटत नव्हतें. 2015 सालीं कायद्यांत दुरुस्ती होऊन, बांधणाऱ्याकडून थेट घर घेतलेल्यांस कांहीं अटींवर निदान मूळ किंमत मिळण्याची तजवीज झाली, व 2017 सालीं 5 टक्क्यांचा विरोधही पुरेसा ठरला. पण 200 ब्लॉकांच्या इमारतींत 5 टक्के म्हणजे 10 ब्लॉक. शेजारीच नसतील तर ते आणावयाचे कोठून?

म्हणून स्वयंपाकघर व समुद्राचा देखावा पाहण्याआधीं तीन गोष्टी लेखी मागवाव्या: एकाच मालकाकडे किती ब्लॉक आहेत, वर्गणी किती जणांची थकली आहे, आणि दुरुस्तीचा राखीव निधि किती शिल्लक आहे. विक्रेत्याच्या तोंडी उत्तरावर विसंबूं नये. तो किती विकले तेवढेंच सांगतो. इमारतीच्या घोषणापत्रांतील विसर्जनाचें कलम वकिलाकडून वाचून घ्यावें. बांधणाऱ्याकडून नवा ब्लॉक घेतांना, करारावर सही होऊन सर्व कागद हातीं आल्यापासून 15 दिवसांत करार रद्द करण्याचा हक्क फ्लॉरिडाच्या कायद्यानें दिला आहे. ते दिवस पडद्यांचे रंग ठरविण्यांत घालवूं नयेत. जुना ब्लॉक घेणाऱ्यास तर इतकेही दिवस मिळत नाहींत.