परतीचे तिकीट : परदेशवारीच्या विनोदी चित्रपटांतील बाप-लेकीचे नाते

प्रस्तावना

बाप आणि किशोरवयीन लेक परदेशी गेली की घरातील अधिकाराची उतरंड उलटते. अठरा वर्षांखालील मुलीच्या पासपोर्टसाठी आई-वडिलांचे लेखी संमतिपत्र लागते. कागदोपत्री ती वडिलांच्या आधाराने प्रवास करते. परक्या विमानतळावर उतरल्यावर मात्र वडिलांना भाषा अपुरी पडते आणि फलक वाचणे, रस्ता शोधणे, चौकशी करणे ही कामे लेकीकडे येतात. ज्याच्या खिशात पैसा आहे त्याला वाट ठाऊक नसते. जिला वाट उमगते तिच्या हाती पैसा नसतो. या विसंगतीतून निर्माण होणारा विनोद कोणालाही खलनायक न ठरविता हसवितो, म्हणून तो सौम्य असतो. प्रस्तुत लेखात ‘अंग्रेजी मीडियम’ हा हिंदी आणि ‘झिम्मा’ हा मराठी चित्रपट यांच्या आधारे या विनोदाचे स्वरूप व त्याच्या मर्यादा यांचा विचार केला आहे.

मराठी परंपरेची पार्श्वभूमी

परदेशात गोंधळलेला मराठी माणूस हा विषय चित्रपटाने प्रथम हाताळला असे नाही. पु. ल. देशपांडे यांच्या ‘अपूर्वाई’ (१९६०) या प्रवासवर्णनात इंग्लंड-फ्रान्सचे दर्शन घडते. पण तेथे हशाचा विषय बहुधा स्वतः प्रवासीच असतो. स्वतःच्या फजितीकडे मोकळेपणाने पाहण्याची ही वृत्ती मराठी वाचकाच्या अंगवळणी पडलेली आहे. पुढे केसरी टूर्स (१९८४) व वीणा वर्ल्ड (२०१३) यांसारख्या संस्थांमुळे परदेशवारी मध्यमवर्गीय कुटुंबांच्या आवाक्यात आली. सहलीच्या गटात आपली भाषा, आपली माणसे आणि बरेचदा आपले जेवणही सोबत असते. परिणामी परकेपणाचा धक्का सौम्य होतो.

‘अंग्रेजी मीडियम’ : बाप, लेक आणि लंडन

होमी अदजानिया दिग्दर्शित ‘अंग्रेजी मीडियम’ १३ मार्च २०२० रोजी प्रदर्शित झाला. इरफान खान यांच्या हयातीत प्रदर्शित झालेला हा त्यांचा अखेरचा चित्रपट होय. उदयपूरचा मिठाईवाला चंपक हा विधुर असून मुलगी तारिका हिला त्याने एकट्याने वाढविले आहे. तिला लंडनमध्ये शिकायचे आहे. चंपकच्याच उतावीळपणामुळे तिची संधी हुकते आणि ती परत मिळवून देण्यासाठी तो चुलतभाऊ गोपी याच्यासह धडपडतो.

उदयपुरात पिढीजात नावावर दुकान चालविणारा हा माणूस लंडनच्या विमानतळावर अधिकाऱ्यांपुढे निरुत्तर होतो. त्याची पत, नातीगोती आणि बोलण्यातील गोडवा यांपैकी काहीही तेथे उपयोगी पडत नाही. तारिका मात्र त्या शहरात लवकर रुळते, आपले निर्णय आपण घेऊ लागते आणि बापापासून दुरावते. इरफान खान यांचा अभिनय या प्रसंगांत संयत आहे. मुलीच्या प्रगतीचा आनंद आणि आपण मागे पडत असल्याची जाणीव या दोन्ही गोष्टी ते एकाच वेळी दाखवितात.

तथापि चित्रपटाचा शेवट विचार करावयास लावतो. अखेरीस तारिका शिक्षणाची इच्छा बाजूला ठेवून वडिलांसोबत मायदेशी परतते. मुलीला जाऊ देणे बापाला जमेल काय, हा कथेचा मूळ प्रश्न होता. तो सोडविण्याचा भार मात्र मुलीवर टाकला जातो. प्रेक्षकाचे डोळे पाणावतात. पण त्याग कोणी केला, हा प्रश्न शिल्लक राहतो.

‘झिम्मा’ : बापाविना सहल

हेमंत ढोमे दिग्दर्शित व इरावती कर्णिक लिखित ‘झिम्मा’ १९ नोव्हेंबर २०२१ रोजी प्रदर्शित झाला. महाराष्ट्रातील चित्रपटगृहे त्याच वर्षी २२ ऑक्टोबरला निम्म्या आसनक्षमतेने पुन्हा उघडली होती. त्या परिस्थितीतही प्रेक्षकांनी, विशेषतः स्त्रियांनी, या चित्रपटास भरघोस प्रतिसाद दिला. निरनिराळ्या वयांच्या स्त्रिया एका तरुण सहल-व्यवस्थापकासोबत इंग्लंडला जातात, एवढेच कथासूत्र. सुहास जोशी यांची इंदू आणि निर्मिती सावंत यांची निर्मला या व्यक्तिरेखा वडीलधाऱ्या असल्या, तरी त्या सहलीत नव्याने शिकणाऱ्याही आहेत. २०२३ मधील ‘झिम्मा २’ मध्ये निर्मलासोबत तिची सून येते.

येथे उतरंड उलटविण्यासाठी बाप आवश्यक ठरत नाही. घरी इतरांच्या वेळा सांभाळणारी स्त्री परदेशात स्वतःची वेळ ठरविते, यातच उलथापालथ आहे. तसेच प्रत्येकीजवळ परतीचे तिकीट आहे. काही दिवसांनी घरी जायचे हे ठरलेले असल्याने मोकळेपणाचा प्रयोग करून पाहता येतो आणि त्यासाठी कोणाचेही स्वप्न मोडावे लागत नाही.

निष्कर्ष

सहल आणि प्रस्थान यांतील हा भेद महत्त्वाचा आहे. सहलीत उलटलेली उतरंड तात्पुरती असते, म्हणून ती हसत स्वीकारता येते. मुलगी शिक्षणासाठी जाते तेव्हा परतीची तारीख ठरलेली नसते. अशा वेळी सौम्य विनोद अपुरा पडतो आणि कथा तिलाच परत आणून सुटका करून घेते.

हा प्रश्न पडद्यापुरता नाही. ठाण्यात घोडबंदर मार्गावरील मानपाडा असो वा डोंबिवली पूर्वेचा मानपाडा, अशा उपनगरांतील नोकरदार कुटुंबांनाही तो परका नाही. आठ दिवसांच्या सहलीत लेकीच्या मागे चालताना बापाला तिच्या जाणतेपणाचा जो प्रत्यय येतो, तो घरी परतल्यावरही त्याने जपला, तर त्या सहलीचे सार्थक झाले असे म्हणता येईल. मुलगी जाते आणि बाप हसतमुखाने मागे राहतो, अशा शेवटाचा विनोदी चित्रपट मराठीत यावा, ही अपेक्षा अनाठायी ठरू नये.