मधल्या सीटवर कोण बसणार?

मुलांनो, गाडीतून गावाला निघताना घरोघरी एक भांडण ठरलेलं. एक खिडकी दादाची, दुसरी ताईची आणि मध्ये कोंबायचं ते धाकट्याला! त्यात पाय ठेवायला जावं तर खाली मधोमध तो उंचवटा. तो कशासाठी असतो, माहीत आहे?

काही गाड्यांचं इंजिन पुढे, पण ताकद मात्र मागच्या चाकांना द्यायची असते. त्यासाठी एक लांब दांडा गाडीच्या तळातून मागे जातो. तो उंचवटा म्हणजे या दांड्याचा बोगदा. बीएमडब्ल्यू ही जर्मन कंपनी वर्षानुवर्षं अशाच गाड्या बनवत आली. चालवणारा खूश, धाकटा रडवेला! २०१४ मध्ये मात्र तिने '२ सिरीज अ‍ॅक्टिव्ह टूरर' आणली. इंजिन आडवं आणि ताकद पुढच्या चाकांना. बीएमडब्ल्यूच्या नावाने निघालेली अशी ही पहिलीच गाडी.

युक्ती काही नवी नव्हती. सुएझ कालव्याच्या पेचात पेट्रोलची टंचाई झाली, तेव्हा अ‍ॅलेक इसिगोनिस यांनी ब्रिटनमध्ये 'मिनी' घडवली. १९५९ साली आलेली ही गाडी जेमतेम तीन मीटर लांब होती, पण इंजिन आडवं टाकल्यामुळे तिची सुमारे ८० टक्के जागा माणसांना आणि सामानाला मिळाली.

अ‍ॅक्टिव्ह टूररची स्पर्धा होती मर्सिडीझच्या 'बी-क्लास'शी, म्हणजे २०११ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या गाडीशी. दोघी आलिशान, दोघींची उंची सुमारे १.५६ मीटर, लांबी साडेचार मीटरच्या आत. मग जास्त जागा कुणात?

डिकी मोजायची रीत मजेदार आहे. २० सेंटीमीटर लांब, १० रुंद आणि ५ जाड असे ठोकळे घ्यायचे आणि डिकीत रचायचे. गुणाकार करून बघा, एक ठोकळा बरोबर एक लिटरचा! बी-क्लासची डिकी ४८८ लिटर, अ‍ॅक्टिव्ह टूररची ४६८. फरक वीस ठोकळ्यांचा, म्हणजे दुधाच्या वीस मोठ्या पिशव्यांचा.

पण थांबा, एवढ्यावर निकाल देऊ नका. अ‍ॅक्टिव्ह टूररची मागची सीट १३ सेंटीमीटर पुढेमागे सरकते. पुढे सरकवली की डिकी मोठी होते. ही जागा आली कुठून? मागे बसणाऱ्यांच्या गुडघ्यांपुढून! बी-क्लासमध्येही सरकती सीट मिळायची, पण तिचे पैसे वेगळे मोजावे लागत. शिवाय लहान मुलांच्या खास सीटचे पक्के हुक मागे दोन्ही कडांनाच. तीन चिमुरडी असतील तर दोन्ही गाड्या अपुऱ्याच म्हणायच्या. बीएमडब्ल्यूने २०१५ मध्ये तिसऱ्या रांगेची सोय असलेली लांब 'ग्रॅन टूरर' काढली ती काही उगाच नाही.

लांबी वाढवायची नाही, तर उंची वाढवावी, असं तुम्हांला वाटेल. मर्सिडीझने 'ए-क्लास'मध्ये तेच केलं होतं. गाडी ३.६ मीटरच्या आत, तळ दुहेरी, माणसं उंचावर. समोरून जोराची धडक बसली तर इंजिन आत न घुसता तळाखाली सरकावं, अशी रचना. सगळं कसं छान! पण ऑक्टोबर १९९७ मध्ये स्वीडनमधल्या एका मोटार-मासिकाने तिची परीक्षा घेतली. मूस नावाचं थोराड हरीण अचानक रस्त्यात आलं असं समजायचं, गाडी झटकन बाजूला घ्यायची आणि लगेच परत आपल्या वाटेवर आणायची. ए-क्लास चक्क उलटली! उंच वस्तू लवकर कलंडते, हे तर आपल्याला फुलपात्र आणि तांब्या शेजारी ठेवूनही कळेल. कंपनीने विक्री थांबवली, चाकांवरची रचना सुधारली आणि घसरती गाडी सावरणारी 'ईएसपी' यंत्रणा प्रत्येक ए-क्लासमध्ये बसवली. म्हणून मला विचाराल तर डिकीच्या वीस लिटरांपेक्षा ही यंत्रणा आहे का, हे आधी बघावं.

तुमच्या घरी गाडी घ्यायचं चाललं असेल, तर शोरूममध्ये एक काम तुम्ही करा. बाबांना चालकाची सीट त्यांच्या सोयीने मागे घेऊ द्या, मग त्यांच्याच मागे बसून गुडघे टेकतात का पाहा. घरातली सर्वांत मोठी बॅग सोबत न्या आणि डिकीचं दार लावून बघा.

आणि हो, मधल्या सीटवर पाच मिनिटं बाबांनाच बसवा!