क्लचला दोन बाजू असतात!

मित्रहो, मशीन डिझाइनच्या पेपरला आपण सगळेच क्लचचं गणित सोडवतो. युनिफॉर्म वेअर, युनिफॉर्म प्रेशर, उत्तराखाली दोन रेघा आणि आठ मार्क खिशात! पण या दिवाळीच्या सुट्टीत तोच क्लच प्रत्यक्ष हातात आला, तेव्हा माझी चांगलीच जिरली. (माझं मराठी कॉन्व्हेंटचं, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.)

आमच्याकडे आजोबांची १९८४ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. १०८९ सीसीचं इंजिन पुढे, ताकद प्रोपेलर शाफ्टमधून मागच्या चाकांना, गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सीसुद्धा ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली. आमच्या गाडीचा तिसरा गिअर उडी मारून न्यूट्रलला यायचा आणि चढावर क्लच स्लिप व्हायचा. बाबा म्हणाले, "भाऊबीजेपर्यंत चालू झाली तर ठीक, नाहीतर भंगारात." आजोबा काहीच बोलले नाहीत.

जुना गिअरबॉक्स उतरवणं सोपं होतं. खरी परीक्षा बसवताना असते. आधी गाडी भक्कम स्टँडवर घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरायचं नाही म्हणजे नाही. नवी क्लच प्लेट आधी गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर सरकवून बघा. स्प्लाइन्स जुळत नसतील तर तिथेच थांबा. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट नीट पुसून घ्या, कारण ग्रीसचं एक बोट लागलं तरी घर्षण कमी होतं.

प्लेट मधोमध आली नाही तर शाफ्ट आत जातच नाही. आम्ही लाकडी दांड्याला टेप गुंडाळून सेंटरिंगचं हत्यार बनवलं. मग प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे आवळले. एकच बाजू आवळली तर कव्हर वाकतं. गिअरबॉक्स चढवताना त्याचं वजन खालून जॅकवर ठेवा. तो प्लेटच्या हबवर लोंबकळला तर नवी प्लेट वाकते. आणि तो आत जात नसेल तर बोल्टने खेचू नका, पुन्हा सेंटर बघा.

सगळं जोडलं, गिअर ऑइल भरलं, इंजिन चालू केलं. क्लच पूर्ण दाबला, रिव्हर्स टाकला आणि खर्रर्र! क्लच सुटतच नव्हता. भाऊबीजेला दोन दिवस उरलेले.

चूक माझीच होती. प्लेटच्या हबची स्प्रिंगवाली, फुगीर बाजू गिअरबॉक्सकडे हवी. मी ती फ्लायव्हीलकडे केली होती. हब फ्लायव्हीलच्या बोल्टना घासत होता, म्हणून प्लेट मोकळी होईना. मी पायरीवर रडायच्या बेतात बसले. आजोबांनी चहा पुढे केला. "अगं, एकदा काढलाय ना? मग परत काढता येतो."

पहिल्यांदा दोन दिवस लागले होते, या वेळी पाच तास. प्रोपेलर शाफ्टवर काढतानाच खडूने खुणा केल्या होत्या, त्यामुळे तो जुन्याच जागी बसला. पॅडलला थोडं फ्री-प्ले ठेवलं. ते नसेल तर रिलीज बेअरिंग सारखं घासत राहतं.

शेवटी दोन टेस्ट. इंजिन चालू, क्लच दाबून काही सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. आवाज आला नाही म्हणजे क्लच सुटतोय. मग मोकळ्या जागी हँडब्रेक ओढून, फूटब्रेक दाबून, चौथ्या गिअरमध्ये क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडलं म्हणजे क्लच धरतोय. आमचं बंद पडलं, आणि इंजिन बंद पडल्यावर टाळ्या वाजवणारं आमचंच घर असेल!

भाऊबीजेला आजोबा स्वतः गाडी चालवत त्यांच्या बहिणीकडे गेले. बाबा मागच्या सीटवर, गप्प.

तेव्हा ज्युनिअर्स, व्हायव्हाला कुणी विचारलं की क्लच प्लेट कशी बसवतात, तर आधी बाजू सांगा!