धुराला जागा हवी

जळगावचे भरीत खायचे तर फुले मार्केटच्या गाळ्यांत हिंडून उपयोग नाही. छताखाली चहा, कचोरी, वडापाव, फळांचा रस सहज मिळतो. भरीत मात्र रस्त्याकडेच्या ‘भरीत सेंटर’वर, किलोच्या भावाने. गोलाणी मार्केटची गोष्ट वेगळी नाही. मोबाइलच्या दुकानांमधून खाऊच्या टपऱ्यांपर्यंत पोचता येते, पण खानदेशाचे म्हणावे असे ताट समोर येत नाही. याचे कारण धूर आहे.

भरिताचे वांगे मोठे, हिरवट-पांढरे, कमी बियांचे. २०१६ मध्ये ‘जळगाव भरीत वांगी’ला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच वर्षी जळगावच्या केळीलाही. पण नुसत्या वांग्याने भरीत होत नाही. ते भाजायला कपाशीच्या पऱ्हाट्या किंवा तुरीच्या काड्या लागतात. गॅसवर साल करपते आणि गर कच्चा राहतो. काड्यांच्या जाळावर वांगे चहूबाजूंनी सावकाश शिजते आणि धुराचा वास आत मुरतो. मग साल काढून गर लाकडी भांड्यात मुसळीने ठेचायचा. त्यात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात, कोथिंबीर, वर सढळ तेल. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुरी. चातुर्मासात ज्यांनी वांगे सोडलेले असते, त्यांच्या घरी चंपाषष्ठीला खंडोबाचा भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की वांगे पुन्हा ताटात येते. आणि थंडी पडली की शेताशेतांत भरिताच्या पार्ट्या रंगतात. हे मुळात शेतावरचे जेवण. पीक निघाल्यावर उरलेल्या काड्या हेच त्याचे सरपण. शहरात ते आले तेव्हा काड्यांसकट आले, आणि काड्यांना छत सोसत नाही.

धुळ्यात आग्रा रोड, पाचकंदील भागात वेगळे चित्र दिसते. तिथे शेवभाजी राज्य करते, आणि ती बंदिस्त जागेत का टिकली हे तिच्या कृतीतच आहे. भाजलेला कांदा, सुके खोबरे, लसूण आणि काळा मसाला यांचे वाटण घरून करून आणता येते. रस्सा सकाळीच उकळून ठेवता येतो. शेव फरसाणवाल्याकडून येते आणि वाढताना घालतात, म्हणून ती मऊ पडत नाही. बांधून नेणाऱ्याला शेव आणि रस्सा वेगवेगळे देतात ते याचसाठी. दुकानात नुसती एक शेगडी पुरते. वैशाखात भाजी मिळेनाशी झाली की घरोघरी जो आधार होता, तोच साक्री, शिंदखेडा, शिरपूरहून बाजाराला आलेल्या माणसाचे दुपारचे जेवण झाला. ‘भाऊ, रस्सा अजून वाढू?’ हा प्रश्न तिथे जेवणाचाच भाग आहे.

आपल्या मंडया कशासाठी बांधल्या गेल्या, हे आठवावे. मुंबईचे क्रॉफर्ड मार्केट १८६९चे, पुण्याची मंडई १८८६ची. उंच छत, हवा खेळावी, माल सडू नये, वजनमाप नीट व्हावे हा विचार. ब्रिटिश अधिकारी कॅप्टन ब्रिग्जने १८१८ नंतर धुळ्याची नवी वस्ती सरळ रस्त्यांनी आखली, तीही व्यापारी यावेत म्हणून. माल घ्यावा-द्यावा आणि निघून जावे, अशी ही कल्पना. पुढे नगरपालिकांनी संकुले बांधली, तेव्हा गाळा हे भाड्याचे एकक झाले. जळगावात २०१२ मध्ये मुदत संपलेल्या गाळ्यांच्या भाड्यावरून आणि नूतनीकरणावरून वर्षानुवर्षे वाद चालला. गाळ्यात चूल पेटेल का, हा प्रश्न त्या गदारोळात कोण विचारणार? कापडाच्या दुकानाला जे पुरते, तेवढेच सर्वांना दिले गेले. धुराडे नाही, तेलकट पाण्याला गटार नाही, भांडी घासायला नळ नाही. मग भरीतवाला रस्त्यावर राहतो आणि अतिक्रमणाची गाडी आली की जाळ विझवतो. याला मी बेशिस्त म्हणणार नाही. त्याला आत जागाच ठेवलेली नाही.

कायदा त्याच्या बाजूने आहे. २०१४चा पथविक्रेता अधिनियम विक्रेत्यांचे सर्वेक्षण करायला सांगतो, नगर पथविक्रेता समितीत ४० टक्के विक्रेते निवडून यावेत असे म्हणतो. पण कायदा फार तर उभे राहायची जागा देईल. चुलीची सोय आराखड्यातच करावी लागते. सिंगापूरने १९७०च्या दशकात रस्त्यावरच्या खाद्यविक्रेत्यांना नळ, वीज आणि सांडपाण्याची सोय असलेल्या इमारतींत नेले. पदार्थ तेच राहिले आणि २०२० मध्ये त्या खाद्यसंस्कृतीला युनेस्कोच्या यादीत स्थान मिळाले. तिथे श्रीमंती होती हे खरे, पण धुराडे ही काही श्रीमंतीची वस्तू नव्हे.

जळगाव आणि धुळे महापालिकांनी यापुढे जे संकुल बांधावे, त्याच्या उघड्या बाजूला एक रांग स्वयंपाकाच्या गाळ्यांची असावी: वर धुराडे, खाली गटार, मधे नळ, बाहेर काड्या रचायला कोपरा. आराखडा मंजुरीला येईल तेव्हा आपल्या नगरसेवकाकडून तो मागून घ्या आणि त्यात ही रांग आहे का, ते बघा.