बांगडा खाल्ला तर ऊन कमी बाधतं का?

रत्नागिरीत मिरकरवाडा बंदरावर दिवसभर उन्हात राबणाऱ्यांच्या ताटात बांगडा, तारली नेहमीची. या माशांत ओमेगा-३ मेदाम्लं असतात. त्यांचा त्वचेला उपयोग होत असेल का?

आधी यंत्रणा बघू. खाल्लेल्या मेदाचा काही भाग त्वचेच्या पेशींच्या पटलात जाऊन बसतो. अतिनील किरण पडले की पटलातून अ‍ॅराकिडोनिक आम्ल (हे ओमेगा-६) सुटतं. कॉक्स नावाचं विकर त्यापासून प्रोस्टाग्लँडिन ई२ बनवतं, रक्तवाहिन्या रुंदावतात आणि त्वचा लाल होते. ओमेगा-३ मधलं ईपीए याच विकरासाठी स्पर्धा करतं. त्यातून बनणारा पदार्थ कमी दाहक असतो.

आता पुरावा. मँचेस्टरच्या गटाने २००३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ४२ निरोगी लोकांना ३ महिने रोज ४ ग्रॅम ईपीए किंवा ओलेइक आम्ल दिलं. ईपीए गटात त्वचा लाल व्हायला लागणारी किरणांची मात्रा दर चौरस सेंटिमीटरला ३६ वरून ४९ मिलिज्यूलवर गेली. ओलेइक गटात लक्षणीय फरक नाही, म्हणजे परिणाम ‘कुठल्याही तेलाचा’ नव्हता.

पण वाढ फक्त १.४ पट! सनस्क्रीनची जागा ती घेऊ शकत नाही.

शिवाय हा निष्कर्ष मिरकरवाड्याला जसाच्या तसा लावता येत नाही. सावळ्या त्वचेवर लाली नीट दिसत नाही, रोजच्या कालवणातून ४ ग्रॅम ईपीए मिळणं अवघड, आणि जून-जुलैत मासेमारी बंद. मग इथे अभ्यास करायचा तर काय मोजाल? नुसतं ‘मासे खाता का’ विचारून भागणार नाही. रक्तातलं ईपीए आणि त्वचेतलं मेलॅनिनही मोजावं लागेल.