एचडी प्रक्षेपण घरच्या संगणकात : चित्र स्वच्छ, पण कुलूपबंद

नागपूरजवळील जामठा येथील विदर्भ क्रिकेट संघटनेच्या मैदानावर ६ ते १० नोव्हेंबर २००८ या काळात भारत आणि ऑस्ट्रेलिया यांच्यात कसोटी सामना झाला. या मैदानावरील तो पहिला कसोटी सामना, तर सौरव गांगुलीचा अखेरचा. त्या काळी केबलची तार संगणकातील टीव्ही ट्यूनर कार्डाला जोडली, की सामना थेट हार्ड डिस्कवर उतरत असे. चित्र आजच्या मानाने धूसर होते. पण मुद्रित झालेली फाईल कोणत्याही संगणकावर चालत असे आणि तबकडीवर उतरवून घेता येत असे. आज एचडी वाहिन्यांचे चित्र कितीतरी अधिक स्वच्छ आहे. मात्र तेच चित्र संगणकात साठवायचे म्हटले, की वाट अडते. असे का होते आणि कोणती वाट अजून मोकळी आहे, हे समजून घेणे उद्बोधक ठरेल.

पाचपट तपशील

साध्या प्रक्षेपणात चित्राची एक चौकट ७२० बाय ५७६ बिंदूंची, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार बिंदूंची असते. एचडीमध्ये ती १९२० बाय १०८० बिंदूंची असते. हे बिंदू नेमके पाचपट भरतात. ते जसेच्या तसे साठवायचे तर एका तासाला ३७० गिगाबाइटच्या आसपास जागा लागेल. म्हणूनच प्रक्षेपण करण्यापूर्वी चित्राचे संकोचन केले जाते. एका चौकटीतून दुसरीत जाताना जो भाग बदलत नाही, तो पुन्हा पाठवला जात नाही.

संकोचनानंतर वाहिनीचा प्रवाह सेकंदाला ८ मेगाबिट आहे असे धरले, तर तासाला ३.६ गिगाबाइट लागतात. कसोटीतील सहा तासांच्या एका दिवसाला सुमारे २२ आणि पाच दिवसांना १०८ गिगाबाइट पुरतात. एक टेराबाइटच्या डिस्कवर अशी सुमारे २७७ तासांची सामग्री मावते. शिवाय हा प्रवाह आधीच संकोचित असल्याने संगणकाला तो केवळ लिहून ठेवायचा असतो. त्यासाठी महागड्या यंत्राची गरज नाही. म्हणजेच अडचण जागेची नाही, तशी वेगाचीही नाही.

अडचण कुलपाची

केबलच्या डिजिटायझेशनच्या दुसऱ्या टप्प्यात देशातील ३८ शहरांचा समावेश होता. त्यात नागपूर होते आणि त्यासाठी ३१ मार्च २०१३ ही मुदत ठरली होती. तेव्हापासून केबलची तार थेट दूरचित्रवाणी संचाला किंवा संगणकाला जोडण्याचे दिवस संपले. वाहिन्या आता सांकेतिक स्वरूपात घरात येतात आणि तो संकेत उलगडण्याची किल्ली सेट टॉप बॉक्समध्ये असते. खासगी डीटीएच सेवांचेही तसेच आहे.

बॉक्सने हे कुलूप उघडले, तरी एचडीएमआय तारेवर एचडीसीपी नावाचे दुसरे कुलूप लागते. समोर मान्यताप्राप्त दूरचित्रवाणी संच आहे, याची खात्री झाली तरच चित्र पुढे जाते. संगणकाच्या कॅप्चर कार्डावर मग केवळ काळा पडदा दिसतो. ज्या बॉक्सला पिवळ्या-पांढऱ्या-लाल तारांची जुनी जोडणी असते, तिच्यातून चित्र मिळते. परंतु ते साध्या दर्जाचे असते. एचडीचे पैसे मोजूनही हाती ५७६ रेषाच येतात.

रेकॉर्डिंगची सोय असलेल्या सेट टॉप बॉक्सने हा प्रश्न सुटत नाही. त्यातील मुद्रणही सांकेतिक स्वरूपातच साठवलेले असते. त्यामुळे बॉक्स बिघडला किंवा बदलला, की ते मुद्रण दुसरीकडे पाहता येत नाही.

कायदा काय म्हणतो?

घरी मुद्रण करणेच बेकायदा असावे, असा समज आढळतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ३७ नुसार प्रक्षेपण संस्थेला आपल्या प्रक्षेपणावर २५ वर्षे हक्क असतो. मात्र कलम ३९ नुसार, मुद्रण करणाऱ्याने स्वतःच्या खासगी वापरासाठी, अथवा निव्वळ अध्यापन वा संशोधनासाठी केलेले मुद्रण या हक्काचा भंग ठरत नाही. विकणे, वाटणे वा इंटरनेटवर टाकणे ही गोष्ट निराळी. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५-अ नुसार, हक्कभंगाच्या हेतूने असे तांत्रिक कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावास आणि दंड होऊ शकतो. थोडक्यात, खासगी मुद्रणाला कायद्याने मुभा ठेवली आहे. पण तंत्रज्ञानाने ती जवळपास निष्प्रभ केली आहे.

मोकळी वाट

अमेरिकेत घरावरील अँटेनाने मिळणाऱ्या एचडी प्रक्षेपणाच्या मुद्रणावर नियंत्रण आणणारा नियम तेथील दूरसंचार आयोगाने २००३ मध्ये केला होता. मे २००५ मध्ये न्यायालयाने तो रद्द ठरवला. तेथे साधे ट्यूनर लावून असे मुद्रण करण्याची प्रथा रुजली, ती यामुळेच टिकली. भारतात दूरदर्शनने फेब्रुवारी २०१६ मध्ये १६ शहरांत डिजिटल भूप्रक्षेपण सुरू केले. त्यात मुंबई आणि औरंगाबाद ही शहरे होती, नागपूर नव्हते.

नागपूरकरांसाठी उरतो तो आकाशमार्ग. दूरदर्शनची डीडी फ्री डिश ही सेवा जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते आणि तिला मासिक शुल्क नाही. तिच्यावरील ज्या वाहिन्या सांकेतिक नाहीत, त्या संगणकाच्या उपग्रह ट्यूनर कार्डाने मूळ दर्जात साठवता येतात. एचडीसाठी कार्ड डीव्हीबी-एस२ पद्धतीचे हवे. हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर असल्याने नागपुरात डिशचे तोंड आग्नेयेकडे आणि क्षितिजापासून सुमारे ६० अंश वर असावे लागते.

दोन खबरदाऱ्या आवश्यक आहेत. जोराच्या पावसात या लहरी क्षीण होतात. पाहताना क्षणभर चित्राचे चौकोन होतात आणि विसरले जातात. मुद्रणात मात्र ते कायमचे राहतात. दुसरे असे, की फॅट-३२ पद्धतीच्या डिस्कवर एक फाईल ४ गिगाबाइटहून मोठी होत नाही. वरील हिशेबाने सुमारे सव्वा तासाच्या आतच मुद्रण थांबू शकते. एनटीएफएस पद्धतीच्या डिस्कवर ही अडचण येत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. बीबीसीने १९६० च्या दशकातील ‘डॉक्टर हू’ या मालिकेचे अनेक भाग पुसून टाकले. त्यांचा आवाज आज उपलब्ध आहे, तो प्रेक्षकांनी घरी केलेल्या मुद्रणामुळे. अमेरिकेतील मॅरियन स्टोक्स यांनी २०१२ मध्ये निधन होईपर्यंत, तीन दशकांहून अधिक काळ वृत्तवाहिन्यांचे अहोरात्र मुद्रण केले आणि हजारो कॅसेटींचा संग्रह मागे ठेवला. संस्था काय जपतील, याची हमी नसते; घरोघरच्या कपाटांनी कित्येकदा ती उणीव भरून काढली आहे. एचडीच्या काळात ही कपाटे रिकामी राहण्याचा धोका आहे. म्हणूनच ट्यूनर कार्डाच्या काळातील फाईली ज्यांच्या जुन्या हार्ड डिस्कवर पडून असतील, त्यांनी त्यांच्या दोन प्रती वेळीच काढून ठेवाव्यात. चित्र धूसर असले, तरी त्याला कुलूप नाही.