पावसातले इंग्लंड, मोटारसायकलवरून

वर्ड्‌स्वर्थच्या कविता शिकताना आपल्या डोळ्यांपुढे जे इंग्लंड उभे राहते, त्यात बहुधा कोवळे ऊन पडलेले असते. प्रत्यक्षात तो ज्या सरोवरांच्या मुलुखात राहिला, तो इंग्लंडमधला सर्वांत पावसाळी भाग. गेल्या वर्षी ऑक्टोबरात, लँकशायरमध्ये नोकरीला असलेल्या माझ्या मावसभावाच्या मोटारसायकलवर मागे बसून मी तो चार दिवस पाहिला. चारही दिवस पाऊस होता. अशा हवेत दुचाकीवरून हिंडण्याचेही एक शास्त्र असते. त्यातले मला जे उमगले, ते इथे सांगतो.

प्रथम पावसाविषयी. अटलांटिकवरून येणारे दमट वारे कम्ब्रियाच्या डोंगरांना अडतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथेच रिते होतात. आपल्या सह्याद्रीत घडते तेच हे. बॉरोडेल खोऱ्यातल्या सीथवेट या वस्तीवर वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून १३-१४ किलोमीटरवरच्या केझिक गावात मात्र त्याच्या निम्म्याच्या आसपास. आपला पाऊस चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो. त्यांचा बारा महिन्यांत वाटलेला असतो. म्हणून ‘उघडले की निघू’ हा आपला शिरस्ता तिथे चालत नाही.

मात्र खरा शत्रू पाऊस नव्हे, गारठा. हवेचे तापमान ८ अंश असले आणि गाडी ताशी ८० किलोमीटर वेगाने चालली, तर उघड्या कातडीला २ अंशांइतकी थंडी जाणवते. त्यात कपडे भिजले की संपलेच. कारण पाणी शरीरातली ऊब कोरड्या हवेच्या सुमारे २५ पट वेगाने ओढून नेते. आधी बोटे बधिर होतात, मग ब्रेक आणि क्लच उशिरा दाबले जातात, आणि शेवटी विचारही मंदावतो. म्हणून अंगाला लागून लोकरीचे कपडे, सर्वांत वर पाणी न शिरणारा अंगरखा, आणि पिशवीत घट्ट बांधलेला हातमोज्यांचा दुसरा जोड, एवढे हवेच.

दुसरी गोष्ट रस्त्याची. तिथेही वाहने डावीकडूनच चालतात, त्यामुळे आपण लवकर रुळतो. पण खेड्यांतले रस्ते अरुंद, दोन्ही बाजूंना दगडी गडगे, वळणापलीकडचे काही दिसत नाही. ट्रॅक्टरच्या चाकांनी आणलेला चिखल आणि ओली पाने यांवर चाक घसरते. ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला किमान दुप्पट अंतर लागते, असे तिथल्या वाहतुकीच्या नियमपुस्तकातच आहे. गुरे पलीकडे जाऊ नयेत म्हणून रस्त्यात लोखंडी दांड्यांची जाळी बसवलेली असते. ती ओलांडताना गाडी सरळ ठेवावी, ब्रेक लावू नये, कलू नये.

तिसऱ्या दिवशी आम्ही ॲम्बलसाइडहून निघालो. रायनोज घाट उतरून कॉकली बेकपाशी आलो. समोर हार्डनॉट घाट होता. त्याची चढण काही ठिकाणी तीन फुटांना एक फूट इतकी उभी आहे. पलीकडच्या उतारावर हेड्रियन बादशहाच्या काळातला रोमन किल्ला आहे. एड्रियाटिक समुद्राकाठच्या डाल्मेशिया प्रांतातले शिपाई तिथे पहाऱ्याला असत. उन्हातल्या मुलुखातली ती माणसे या पावसात कशी राहिली असतील, ते पाहण्यासाठीच मी आलो होतो.

दादाने गाडी थांबवली आणि हेल्मेटचा बंद सोडून पाहिला. बोटांना तो सुटेना. निघतानाच त्याने ठरवले होते, की बंद सुटला नाही तर पुढचा घाट चढायचा नाही.

“दादा, किल्ला पलीकडेच आहे रे,” मी म्हणालो.

“किल्ला अठराशे-एकोणीसशे वर्षं आहे तिथे. माझी बोटं आज नाहीत.”

आम्ही डावीकडे वळून डडन नदीच्या खोऱ्यात उतरलो. वर्ड्‌स्वर्थने १८२० साली जिच्यावर सुनीतांची माला प्रसिद्ध केली, तीच ही नदी. पाण्याने फुगली होती. वाटेत एका खानावळीत शेकोटीपाशी बसलो. बोटांत जीव यायला अर्धा तास लागला, आणि तेवढ्या वेळात खिडकीबाहेरचा डोंगर धुक्यात पार बुडाला. तोवर मी मनातून हिरमुसलो होतो. तो बुडालेला डोंगर पाहून मात्र दादाचे म्हणणे पटले.

आपल्याकडे घाटात पावसाळी सहलीला निघणाऱ्या मित्रांना एवढेच सांगावेसे वाटते: परतायचे कधी, हे निघण्यापूर्वी, अंग कोरडे असतानाच ठरवावे. भिजल्यावर आणि ठिकाण जवळ दिसू लागल्यावर तो निर्णय मनाला घेता येत नाही.